चार जुने सद्गुण, तीन ख्रिस्ती सद्गुण: रोजच्या जगण्यात सराव कसा करता?

काजवा

सद्गुणांच्या दोन याद्या बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेल्या असतात. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एकत्र भेटतात. शलमोनाच्या नावाने चालत आलेल्या ज्ञानग्रंथातही (अध्याय ८, वचन ७) हेच चार आहेत. विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १३व्या अध्यायाच्या शेवटी येतात. पुढे ऑगस्टिन, थॉमस अक्विनास अशा ख्रिस्ती विचारवंतांनी या सातांची नीट सांगड घातली.

मला प्रश्न पडतो तो सरावाचा. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो आणि धैर्याची करत करत धीट. वाचून, चर्चा करून कोणी तसं होत नाही. मग करायचं कसं? एकेक गुण धरायचा की सगळे एकदम? रोज रात्री हिशेब मांडता का? आणि ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांनी पौलाच्या तिघांचं काय करायचं?

श्रद्धाळू असा किंवा नसा, अनुभव लिहा. व्याख्येपेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते वाचायला आवडेल.

सुतारपक्षी

चांगला धागा. माझं मत एकेक गुण धरण्याच्या बाजूने.

बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात त्याची पद्धत दिली आहे. तेरा गुणांची यादी, प्रत्येकाला एक आठवडा. छोट्या वहीत सात दिवसांचे रकाने आखायचे आणि जिथे चूक झाली तिथे काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. आधी यादीत बाराच गुण होते. एका क्वेकर (साधेपणावर भर देणारा एक ख्रिस्ती पंथ) मित्राने "तू गर्विष्ठ आहेस अशी लोकांची समजूत आहे" असं सांगितल्यावर त्याने तेरावा, नम्रतेचा, जोडला. त्याला सगळ्यात जड गेला तो 'व्यवस्थितपणा'.

मी ठिपके देत नाही, पण आठवड्याला एकच गोष्ट धरतो. आणि तीही 'संयम' अशी मोघम नाही. "समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत बोलायचं नाही" एवढीच. मोठं नाव घेतलं की मनाला पळवाटा सापडतात. एवढी बारीक गोष्ट घेतली की पाळली की नाही हे संध्याकाळी लगेच कळतं.

शंकेखोर

सुतारपक्षी, दोन हरकती.

पहिली: तुमचा आठवडा संयमाचा आहे आणि मंगळवारी बैठकीत कोणावर तरी अन्याय होताना दिसला, तर? त्या दिवशी लागतं धैर्य. प्रसंग आपलं वेळापत्रक विचारून येत नाहीत. हे गुण सुटे सुटे नांदत नाहीत असं जुने लोक म्हणत त्यामागे हेच कारण असावं. विवेक नसलेलं धैर्य म्हणजे आडदांडपणा, आणि न्याय सोडून दाखवलेला संयम म्हणजे स्वतःची कातडी वाचवणं.

दुसरी: फ्रँकलिनच्या तेरांत संयम आहे, न्याय आहे, अगदी स्वच्छताही आहे. धैर्य नाही आणि प्रीतीही नाही. ज्या दोन गुणांत स्वतःला झळ बसते तेच यादीबाहेर राहिले. ठिपके मोजणाऱ्या पद्धतीत माणसाचं लक्ष शेवटी स्वतःच्या वहीवरच राहतं, ही माझी खरी तक्रार आहे.

निळी_छत्री

दुसऱ्या हरकतीला +१. पहिलीला नाही. मंगळवारी अन्याय दिसला तर बोलायचंच, वही कुठे अडवते?

रातवा

धैर्याबद्दल लिहिते, कारण सध्या तेवढंच माझ्या वाट्याला आलेलं आहे.

आईला विस्मरणाचा आजार आहे. ती माझ्याकडे असते. धैर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई, आगीत उडी असं काहीतरी येतं. अक्विनासने मात्र लिहून ठेवलंय की धैर्याचं मुख्य काम हल्ला करणं नसून टिकून राहणं आहे, आणि टिकणं हे चढाईपेक्षा अवघड. त्याची कारणंही पटणारी आहेत. चढाई करणारा स्वतःला वरचढ समजत असतो. टिकणाऱ्यापुढचं संकट त्याच्याहून बलवान असतं, ते आत्ता, या क्षणी अंगावर आलेलं असतं, आणि ते किती काळ चालेल याला अंत नसतो.

हे वाचलं तेव्हा कोणीतरी माझ्या दिवसाचं वर्णन केलंय असं वाटलं. आई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. तिच्यासाठी तो दर वेळी पहिलाच असतो. दहाव्या वेळी पहिल्या वेळच्याच आवाजात उत्तर देणं हा माझा सराव. काही दिवशी ती मला ओळखत नाही आणि "तुम्ही कोण, मला घरी सोडा" म्हणते. तेव्हा मी तिला चुकीचं ठरवायला जात नाही. शेजारी बसते, "थोड्या वेळाने जाऊ" म्हणते, तिचा हात हातात घेते. त्या वेळी माझ्या आत जे होतं ते सोसून चेहरा शांत ठेवणं, याला मी धैर्य म्हणते.

सुतारपक्षींचं खरं आहे, गोष्ट बारीकच हवी. "मी सहनशील होईन" याने काही होत नाही. "या वेळी आवाज चढवणार नाही" याने होतं.

काजवा

रातवा, खूप मनापासून लिहिलंत. 'या क्षणी अंगावर आलेलं आणि अंत नसलेलं' हे माझ्या लक्षात राहील.

जुनी_वही

हिशेबाबद्दल विचारलंय, त्यावर.

ख्रिस्ती परंपरेच्या बाहेरही ही सवय जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने रागावरच्या लेखनात सांगितलंय की रात्री दिवा गेला, बायको बोलायची थांबली, की तो सगळा दिवस तपासायचा आणि स्वतःपासून काहीच लपवायचा नाही. त्याचा सूर मला आवडतो. तो स्वतःला झोडपत नाही. "हे पुन्हा करू नकोस, या वेळी तुला माफ करतो" असं काहीसं म्हणतो.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची पद्धत याहून काटेकोर आहे. त्याच्या साधनापुस्तिकेला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. त्यात एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची, दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर तपासणी, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके. दुपारपेक्षा रात्री कमी झाले का, कालपेक्षा आज कमी झाले का, हे बघत राहायचं. म्हणजे फ्रँकलिनच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी ठिपके होतेच. फरक असा की इग्नेशियसच्या रोजच्या सर्वसाधारण तपासणीची सुरुवात आभार मानण्याने होते आणि शेवट क्षमा मागून, उद्याचा निश्चय करून. शंकेखोरांची जी तक्रार आहे, की लक्ष स्वतःवरच राहतं, तिच्यावर हा उतारा असावा. पहिलं वाक्यच दुसऱ्या कोणाला उद्देशून असतं.

मी दुपारची तपासणी सोडत नाही. रात्रीपर्यंत थांबलं की दिवस हातातून गेलेला असतो. दुपारी अर्धा उरलेला असतो, सकाळी ज्याच्याशी तुटक बोललो त्याच्याकडे तेव्हा जाता येतं.

पायवाट

थोडं अवांतर: हे सगळं आपल्या षड्रिपूंशी ताडून पाहिलंय का कोणी? काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच तर ख्रिस्ती सात महापापांतही आहेत. तिथे खादाडपणा आणि आळस आहे, इथे मोह.

जुनी_वही

पायवाट, तो 'आळस' वाळवंटातल्या संन्याशांकडून आलाय आणि साध्या आळसाहून वेगळा आहे. चौथ्या शतकात एव्हाग्रियसने आठ 'विचार' सांगितले. त्यातला हा दुपारी येणारा. सूर्य हलतच नाही असं वाटतं, खोलीचा, कामाचा कंटाळा येतो, दुसरीकडे कुठेतरी बरं असेल असं वाटत राहतं. त्याचा उपायही रोजच्या जगण्यातलाच आहे: आहे त्या जागी राहायचं, हातातलं काम सोडायचं नाही. फोन हातात घेऊन उगाच खाली-वर करणाऱ्या प्रत्येकाला ही दुपार माहीत आहे.

यावर लिहायला बरंच आहे, पण वेगळा धागा काढू या.

शंकेखोर

काजवा, तुमच्या मूळ प्रश्नालाच एक खडा टाकतो. सरावाने स्वभाव घडतो असं गृहीत धरलंय. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. वाटेत एक माणूस दाराशी वाकून कण्हत बसलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ टक्के, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय दाखल्याचा आहे की नाही याने लक्षणीय फरक पडला नाही.

मग सद्गुण कुठे राहिला? घड्याळच ठरवतंय की.

सुतारपक्षी

प्रयोग महत्त्वाचा आहे, निष्कर्ष वेगळा काढता येतो. एक, दाखल्यावर भाषण तयार करणं म्हणजे मदतीचा सराव नव्हे. काजवांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वाचून कोणी तसं होत नाही. प्रयोग तेच सांगतोय. दोन, घाईतही १० टक्के थांबलेच. ते कोण होते, हा मला जास्त मोलाचा प्रश्न वाटतो.

तळटीप

आणि तीन, घाई आपल्या हातात असते. सगळी नाही, पण बरीच. इथे विवेकाचा गुण येतो, ज्यावर अजून कोणी बोललंच नाही.

अक्विनास विवेकाची तीन कामं सांगतो: नीट सल्लामसलत करणं, त्यातून योग्य काय ते ठरवणं, आणि ठरलेलं अमलात आणण्याचा स्वतःला हुकूम देणं. यातलं मुख्य तिसरं, असं त्याचं म्हणणं. आपण विवेक म्हणजे सावधपणा समजतो आणि पहिल्या पायरीवर घर करून राहतो. अजून एकाला विचारू, अजून थोडं वाचू. कामाच्या ठिकाणी मी हे सतत बघतो. सहकाऱ्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलंय, सगळ्यांना माहीत असतं, चूक आहे यावर एकमत असतं, आणि बोलत कोणीच नाही. माहिती आहे, निर्णय आहे, हुकूम नाही.

म्हणून माझा सराव असा: एखादी गोष्ट करायची ठरली की त्याच बैठकीत ती कधी आणि कोणाशी बोलायची ते ठरवतो. आणि दोन कामांच्या मध्ये मोकळी वेळ ठेवतो. कोणी वाटेत अडवलं तर थांबता यावं म्हणून. शंकेखोरांच्या ६३ टक्क्यांत जायचं असेल तर चांगुलपणाची सोय सकाळी दिवस आखतानाच करावी लागते.

शंकेखोर

हे मान्य. विवेकाने परिस्थिती आधीच बदलून ठेवायची, हा मुद्दा मला सुचला नव्हता.

मोकळं_आकाश

मी अश्रद्ध आहे. चार ग्रीक गुण मला जवळचे वाटतात, तीन पौलाचे परके. विश्वास तर माझ्याकडे नाहीच. पण आशेबद्दल मी बराच विचार केलाय. आशा हा गुण कसा? हवामान चांगलं असेल असं वाटणं यात कसला सद्गुण?

ऑलिव्हची_फांदी

मोकळं_आकाश, मी श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, माझ्या बाजूने लिहिते.

हवामान चांगलं असेल असं वाटणं म्हणजे आशा नाहीच. अक्विनासच्या मते आशेचा विषय असा असतो: भलं, अजून न मिळालेलं, मिळायला अवघड, पण शक्य. सोप्या गोष्टीची आशा करावी लागत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. एकीकडे निराशा: आता काहीच होणार नाही. दुसरीकडे फाजील खात्री: मी काही केलं नाही तरी होईलच. दोन्हींत माणूस हातावर हात ठेवून बसतो. आशा असलेला माणूस कामाला लागतो. हा भाग तुम्हालाही घेता येईल असं मला वाटतं. व्यसन सोडणाऱ्या माणसाच्या घरच्यांना विचारा, दोन खड्ड्यांच्या मधून चालणं म्हणजे काय ते.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. आमच्या परंपरेत हे तीन गुण सरावाने कमावता येत नाहीत, ते देवाकडून मिळतात. मग सराव कशाचा? मिळालेलं वापरण्याचा. प्रार्थना, आणि त्या गुणातून उगवणारी कृती. बायबलमधलं याकोबाचं पत्र स्पष्टच सांगतं की कृतीविना विश्वास मेलेला आहे.

प्रीतीचं उदाहरण देते. फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेज ही कार्मेलाइट संघाच्या मठातली तरुण साध्वी १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मठातल्या एका भगिनीचं सगळंच तिला खटकायचं: वागणं, बोलणं, स्वभाव. तेरेजने ठरवलं की जी मला सगळ्यात प्रिय आहे तिच्यासाठी करेन तेच हिच्यासाठी करायचं. भेटेल तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना, जमेल ती मदत, आणि उलट उत्तर तोंडावर आलं की स्मित. शेवटी त्या भगिनीनेच तिला विचारलं, "माझ्यात तुला एवढं काय आवडतं?"

प्रीती म्हणजे आवड नव्हे, दुसऱ्याचं भलं इच्छिणं आणि करणं. आवड हुकमाने आणता येत नाही. भलं करता येतं.

मोकळं_आकाश

आशेचं पटलं. 'अवघड पण शक्य' हे घेतो.

तेरेजबद्दल मात्र शंका आहे. न आवडणाऱ्या माणसाला हसून दाखवणं हा खोटेपणा नाही का? सत्य बोलणं हाही न्यायाचाच भाग.

ऑलिव्हची_फांदी

ती त्या भगिनीला फसवून काही मिळवत नव्हती. मनातली चीड हा तिच्या मते स्वतःचा प्रश्न होता, भगिनीचा दोष नव्हता. दोष खरा असता तर गोष्ट वेगळी. चुकणाऱ्याला एकांतात, त्याच्या भल्यासाठी सांगणं हीसुद्धा प्रीतीचीच कृती मानतात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात त्याचा क्रमही दिलाय. आधी दोघांतच, मग एकदोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे. आपण नेमका उलटा क्रम लावतो, आधी सगळ्यांना सांगतो आणि त्या माणसाला शेवटी.

निळी_छत्री

उलट्या क्रमाचं अगदी खरं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज बघते.

सुतारपक्षी

नम्रतेवर एक प्रश्न राहतोय. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी थोर मनाचा माणूस स्वतःला मोठ्या सन्मानाला पात्र समजतो, आणि तो खरंच पात्र असतो. ख्रिस्ती परंपरा नम्रता शिकवते. दोन्ही एकत्र कसं जमायचं?

जुनी_वही

अक्विनासने दोन्ही ठेवले. स्वतःत जे चांगलं आहे ते देवाचं देणं म्हणून बघितलं की माणूस मोठ्या कामाला हात घालायला कचरत नाही, आणि स्वतःतली उणीव बघितली की नम्र राहतो. माझ्या ओळखीत एक शिक्षिका आहेत. अवघड वर्ग मागून घेतात, कारण आपल्याला ते जमतं हे त्यांना माहीत आहे. आणि वर्गात एखाद्या मुलाने त्यांची चूक दाखवली की फळा पुसून त्याच्या हातात खडू देतात. मला त्यात दोन्ही दिसतात.

काजवा

मुद्दे वाचून बरंच हाती लागलं. एक विचारायचं राहिलं: सुरुवात कोणत्या गुणापासून करायची, हे कसं ओळखायचं?

तळटीप

अ‍ॅरिस्टॉटलचा सल्ला साधा आहे. आपला कल कोणत्या टोकाकडे आहे ते बघा आणि उलट दिशेला जोर लावा, वाकडं लाकूड सरळ करणारे करतात तसा. कल ओळखायची खूण म्हणजे कशाने सुख वाटतं आणि कशाने त्रास. म्हणून सगळ्यांना एकच यादी देता येत नाही. भित्र्याने थोडं आगाऊ व्हावं, आगाऊ माणसाने थोडं मागे राहावं.

रातवा

तळटीप, हे वाचून एक प्रश्न पडलाय. माझा कल सोसण्याकडेच आहे. लहानपणापासून. मी वर जे धैर्य म्हणून लिहिलं, त्यात मला आता जोर लावावा लागत नाही. भाऊ आहे, बहीण आहे, दोघंही आईचीच मुलं. दोघं फोन करून चौकशी करतात आणि "तू आहेस म्हणून बरं" म्हणतात. मी काही मागितलेलं नाही. ही माझी सहनशीलता की आणखी काही?

शंकेखोर

रातवा, आईशी तुम्ही जे करताय ते धैर्यच, त्यावर शंका नको. पण भावाबहिणीच्या बाबतीत प्रश्न न्यायाचा आहे. ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय. आईला देणं तिघांचं आहे. तुम्ही गप्प राहिलात तर दोघांच्या वाट्याचं कर्तव्यही तुमच्यापाशीच पडून राहतं.

ऑलिव्हची_फांदी

मी तर म्हणेन प्रीतीचाही आहे. त्यांना आईजवळ बसायची संधी मिळत नाहीये, आणि ती फार काळ असणार नाही. चिडून सांगू नका, मत्तयाचा पहिला टप्पा: एकेकाशी, एकट्यात.

तळटीप

आणि मोघम नको. "मदत करा" म्हटलं तर दोघं "हो हो" म्हणतील. दिवस आणि काम नाव घेऊन मागा. कोणते दिवस, कोणत्या रात्री, डॉक्टरकडे कोण नेणार.

रातवा

भावाला आज रात्री फोन करते, तो आधी, बहिणीशी उद्या. महिन्यातला एक आठवडा आई त्याच्याकडे, आणि डॉक्टरच्या सगळ्या खेपा बहिणीकडे, असं मागणार आहे. भाऊ "तिला जागा बदलली की त्रास होतो" म्हणेल, आणि ते खरं आहे. मग तो आठवडा त्याने इथे येऊन राहावं, असं सांगेन. काय ठरतं ते इथे कळवते.